डोळ्यांवर आलेली खरेदी

हिमालयातल्या सार पासच्या ट्रेकसाठी सामानाची जी यादी आली, तिच्यातल्या जवळजवळ सगळ्या वस्तूंनी मुकाट्याने सॅकमध्ये जागा घेतली. माकडटोपी घरात होतीच. थर्मलचा जोड मेहुण्याकडून उसना आला. बूट घेतले, चावले, बदलून आणले. शिट्टी मुलीच्या जुन्या दप्तरात सापडली. पण टॉर्च आणि लिप बाम यांच्या मधोमध, आपण काही विशेष नसल्याचा आव आणून एक ओळ बसली होती: 'चांगल्या प्रतीचा गॉगल, अनिवार्य.' या ओळीने घरात जो गोंधळ घातला, तो मुलीच्या दहावीच्या वर्षातही झाला नव्हता.

'चांगल्या प्रतीचा' म्हणजे कसा, हे यादी करणारा कधीच सांगत नाही. बुटाचं बरं असतं. बूट वाईट निघाला तर पाय पहिल्याच मैलावर बोंब मारतो. डोळा तसा नाही. बर्फावर उघड्या डोळ्यांनी हिंडलं तर दिवसभर सगळं छान दिसतं, तुम्ही फोटो काढता, गाणी म्हणता. सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं रात्री तंबूत आडवं झाल्यावर, बुबुळाचं सालपट गेल्याचं लक्षात येतं. डोळ्यांत कुणी मूठभर वाळू टाकल्यासारखं होतं आणि एक-दोन दिवस उघडता येत नाहीत. याला हिमांधत्व म्हणतात, ही माहिती मी जेवताना घरच्यांना सांगितली. बायको म्हणाली, "मग गॉगल कशाला? घरीच थांबा की."

आमच्या घराण्यात हौसेने गॉगल कुणी लावला नव्हता. आईच्या लेखी काळा चष्मा तीनच प्रकारची माणसं लावतात: मोतीबिंदू काढलेली, सिनेमातले स्मगलर आणि चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वीकारणारे. पैकी तिसऱ्यांविषयी मला स्वतंत्र कुतूहल आहे. त्यांच्या नाकावर असतो तो थेंबाच्या आकाराचा गॉगल १९३० च्या दशकात अमेरिकी वैमानिकांसाठी तयार झाला. ढगांच्या वर, नितळ उन्हात डोळे दिपू नयेत म्हणून. आमच्या चौकातले युवानेते अजून बुलेटवरच आहेत, पण विमान कधीही बोलवू शकतं, अशी त्यांची तयारी असते.

"विकत कशाला आणायचा? घरात आहे की एक," असं म्हणत आईने कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. त्यातून दोन तुटके पेन, एक ताईत आणि बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला तो गॉगल निघाला. पुठ्ठ्याच्या जातीची फ्रेम, हिरवट-काळी काच, दोन्ही बाजूंना झापडं, मागे इलॅस्टिक. आम्ही हसलो. भाचा मात्र हसला नाही. तो इंजिनियर आहे आणि त्याला वस्तूंचा गांभीर्याने विचार करण्याची सवय आहे. त्याने गॉगल उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मामा, डिझाइन अगदी बरोबर आहे. बर्फावर ऊन वरून येतं तसं खालून आणि बाजूनंही येतं, म्हणून ही झापडंच लागतात. फक्त काचेचा भरवसा नाही." आई त्या दिवसापासून, आपण सुचवलेला गॉगल तज्ज्ञांनी मान्य केला आहे, असं सगळ्यांना सांगत असते.

गॉगल घ्यायचाय ही बातमी बँकेत पसरल्यावर सल्ले आपोआप येऊ लागले. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "एकदम डार्क घे. समोरच्याला तू कुणाकडे बघतोयस ते कळता कामा नये."

"अरे, समोर बर्फ असणार."

"बर्फाला तरी कशाला कळायला हवं?"

सोसायटीतले एक काका लडाखला जाऊन आलेले आहेत. तेव्हापासून त्यांना समुद्रसपाटीवरच्या माणसांशी बोलताना थोडं वाकावं लागतं. त्यांनी खारदुंगलाच्या पाटीसमोरचा फोटो दाखवला. पाटीवर उंची १८,३८० फूट. भाच्याने नम्रपणे सांगितलं, की मोजणीत ती उंची साडेसतरा हजारांच्या आसपास भरते. काका म्हणाले, "आम्ही गेलो तेव्हा १८,३८० च होती." त्यांचा सल्ला असा, की गॉगल रात्रीसुद्धा काढायचा नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्या उंचीवरच्या माणसाला विचारायचा धीर मला झाला नाही.

खरं शिक्षण भाच्यानेच दिलं. दर हजार मीटर चढलं की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत पुन्हा आपल्याच तोंडावर फेकतो, आणि आकाशात ढग आले म्हणून ती थांबत नाहीत. काच काळी असण्याचा आणि अतिनील किरणं अडण्याचा एकमेकांशी काही संबंध नाही. उलट नुसतीच काळी काच लावली तर अंधार समजून बाहुली मोठी होते आणि किरणांना दार सताड उघडं मिळतं. काचेच्या काळेपणाला शून्य ते चार अशा श्रेणी आहेत. तीनमधून आठ ते अठरा टक्के उजेड आत येतो. चार नंबरमधून तीन ते आठ टक्के, म्हणजे आमच्या सोसायटीच्या जिन्यात सेक्रेटरी बल्ब बदलत नाहीत तेव्हा असतो तितका. चार नंबर लावून गाडी चालवायची नसते.

"मग चार नंबर घेऊ?"

"हिमनदीवर जाणार असशील तर घे. तुला तीनही चालेल, पण झापडं हवीत."

"साडूभाऊंनी कोणता घेतलाय?"

हा प्रश्न माझ्या तोंडून निघायला नको होता, पण निघाला. ट्रेकला आमचे साडूभाऊही येणार होते आणि आमच्या सासुरवाडीत दोन जावयांची तुलना हा बाराही महिने चालणारा उद्योग आहे. साडूभाऊंनी ऊन पडलं की आपोआप काळा होणारा आणि सावलीत आपोआप पांढरा होणारा, नंबर घालून केलेला गॉगल घेतला होता. किंमत त्यांनी सांगितली नाही. मेहुणीने सांगितली, चार वेळा.

तेव्हा आम्हीही वातानुकूलित दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने टायची गाठ नीट केली आणि विचारलं, "सर, लाइफस्टाइल काय आहे तुमची?"

"बँकेत आहे."

"तसं नाही सर, ॲक्टिव्हिटी?"

"क्लिअरिंग."

त्याने माझ्यापुढे एक करड्या रंगाचं कार्ड धरलं. "काय दिसतंय?" काहीच दिसत नव्हतं. मग त्याने माझ्या चष्म्यावर एक गॉगल धरला. "आता?" आता त्या कार्डावर एक गुबगुबीत मासा पाण्यातून उसळी मारत होता.

"मासा."

"पोलराइज्ड आहे सर!" तो इतक्या आनंदाने म्हणाला, की मासा त्याने स्वतःच पकडला असावा. पाण्यावरून, रस्त्यावरून, बर्फावरून येणारी चकाकी ही काच कापते, म्हणून ती मासेमारी करणाऱ्यांची लाडकी आहे, वगैरे त्याने सांगितलं. बायकोने किमतीची चिठ्ठी उलटी करून वाचली. "सार पासला मासे आहेत का हो?" तिने मला विचारलं. मुलाचं टायवरचं लक्ष उडालं. भाच्यानेही हळूच पुस्ती जोडली, की निसरड्या बर्फाची चकाकी दिसलेली काही गिर्यारोहकांना बरी वाटते, निदान पाय कुठे ठेवायचा नाही ते कळतं. म्हणजे माशाचाही निकाल लागला.

त्यातून माझा नंबर उणे साडेचार, शिवाय वाचायचा वेगळा. डोळ्यांभोवती गुंडाळल्यासारख्या वळणाच्या फ्रेममध्ये इतका नंबर धड बसत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स सुचवण्यात आली. बर्फाच्या पाण्याने हात धुऊन, हालणाऱ्या तंबूत, टॉर्च दातांत धरून स्वतःच्या बुबुळावर बोट टेकवतानाचं दृश्य मी डोळ्यांसमोर आणलं आणि ते लगेच मिटले. चष्म्याला चिमटा लावून वर-खाली करायच्या काळ्या काचा पाहिल्या. त्या वर केल्यावर मी समोरच्या माणसाला सतत भुवया उंचावून काहीतरी विचारतो आहे असं दिसत होतं. बँकेत एवढ्या कुतूहलाची पद्धत नाही.

शेवटी फर्ग्युसन रस्त्याच्या फुटपाथवर आलो. हे मूळ ठिकाण. इथे थर्मोकोलच्या फळीवर शेकडो गॉगल आपल्याकडे बघत असतात आणि विक्रेत्याला तुमची लाइफस्टाइल चालण्यावरून कळते.

"ओरिजिनल आहे का?" मी उगाच विचारलं.

"ओरिजिनल नाही साहेब. पण डुप्लिकेट एकदम ओरिजिनल आहे."

"अतिनील किरणं अडतात?"

मला वाटलं होतं गडी गप्प बसेल. त्याने खिशातून जांभळ्या उजेडाची बारकी टॉर्च काढली, गल्ल्यातून शंभराची नोट काढली आणि टॉर्च नोटेवर धरली. नोटेचा नंबर चमचम करायला लागला. मग मध्ये गॉगल धरला. नंबर विझला. "बघा. बँकेत असाल तर माहीत असेल," तो म्हणाला. खोट्या नोटा ओळखायचं यंत्र मी रोज बघतो, तरी फुटपाथवर त्या नोटेपुढे मी तोंड उघडं टाकून उभा राहिलो. भाच्याने टॉर्च मागून घेतली आणि माझ्या नाकावरचा नेहमीचा, पारदर्शक चष्मा काढून नोटेवर धरला. नंबर तेवढाच विझला. पॉलिकार्बोनेटची काच मुळातच ही किरणं अडवते म्हणे.

"म्हणजे मी याच चष्म्यावर जाऊ शकतो?"

"जा की," विक्रेता म्हणाला. "पण फोटोत काय दिसाल?"

इतक्या लोकांत गॉगलचं खरं काम नेमकं ओळखणारा हाच एक निघाला. उजेडानेही डोळे दिपतात, बाजूनेही झळ लागते, हे भाच्याने पुन्हा समजावलं. मग मी चष्म्यावरून घालायचा, चहूबाजूंनी बंद, भलाथोरला गॉगल घेतला. श्रेणी तीन, झापडांसह, घासाघीस करून. घरी घालून दाखवला. बायकोने कणीक मळता मळता वर पाहिलं. "कुठे आहे आज वेल्डिंग?"

रात्री मी आधार म्हणून गिर्यारोहणाचा इतिहास उघडला. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी हाडाचे, शिंगाचे, वाहून आलेल्या लाकडाचे गॉगल केले. काच नाहीच, नुसती आडवी फट. ना श्रेणी, ना मासा, ना धुकं धरायची भीती. सासुरवाडीत कुणाचा महाग हा प्रश्नही बहुधा तिथे आला नसावा. मग नॉर्टन वाचला. ४ जून १९२४ रोजी हा गृहस्थ प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय एव्हरेस्टवर २८,१२६ फुटांपर्यंत गेला. काळ्या खडकावर पाऊल नीट दिसेना म्हणून त्याने गॉगल काढून ठेवला होता. त्याच रात्री डोळे गेले, अडीच दिवस काही दिसेना आणि आंधळ्याप्रमाणे धरून त्याला खाली आणावं लागलं. चार दिवसांनी त्याच मोहिमेतला मॅलरी वर गेला तो परतलाच नाही. १९९९ मध्ये त्याचा देह सापडला तेव्हा गॉगल खिशात होता. त्यावरून तो अंधार पडल्यावर उतरत असावा, असा अंदाज करतात. मी हे सगळं बायकोला मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे वस्तू घेऊन द्यायची आणि यांनी ती खिशात ठेवायची, हे तेव्हापासूनचं आहे तर."

ट्रेक सुरू झाला. कसोल ते ग्रहण हा रस्ता देवदारांच्या सावलीतून जातो, गॉगलची गरज नाही, त्यामुळे सगळ्यांनी तो लावला. ठेचा लागल्या. मुक्कामाच्या तंबूत साडूभाऊंच्या आपोआप पांढऱ्या होणाऱ्या काचा पांढऱ्या होईनात. थंडीत या काचा जास्तच काळ्या होतात आणि उजळायला वेळ लावतात, हे त्यांना दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. नंबराची दुसरी जोडी त्यांनी सोबत आणली नव्हती. गॉगल काढावा तर दिसत नाही, ठेवावा तर दिसत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी डाळ समजून पोळी चहात बुडवली आणि डाळ पातळ झाली आहे अशी स्वयंपाक्याकडे तक्रार केली. मी मेहुणीला लगेच कळवणार होतो, पण रेंज नव्हती. हिमालयाबद्दलची माझी ही एकमेव गंभीर तक्रार आहे.

नगारूच्या कॅम्पवरून खिंडीकडे अंधारातच निघतात, कारण ऊन चढलं की बर्फ मऊ पडतो. अंधारात कुणाला गॉगल आठवणार? तो सॅकच्या तळाशी, ओल्या मोज्यांच्या खाली होता. मॅलरीने निदान खिशात ठेवला होता. पूर्वेला उजाडलं आणि सगळा डोंगर एकदम पेटल्यासारखा पांढरा झाला. पुढून गाइड ओरडला, "सरजी, चश्मा लगाओ, चश्मा!" लगेच अख्खी रांग उतारावर, एका पायावर, सॅक पोटाशी घेऊन उभी राहिली. कुणाची थाळी निघाली, कुणाची औषधं, कोल्हापूरच्या एका बाईंच्या सॅकमधून चकल्यांचा डबा निघून उताराने एकटाच पुढे गेला.

मी चष्मा घातला, त्यावर गॉगल चढवला, त्यावर माकडटोपी खाली ओढली. दोन्ही कानांवर मिळून चार दांड्या आणि लोकर. माकडटोपी या वस्तूचा शोध लावणाऱ्याने श्वासाला एकच वाट ठेवली आहे, ती थेट काचेवर जाते. चार पावलांत आतली काच धुक्याने भरली, आठ पावलांत बाहेरची. समोर पांढरं होतंच, आता कोणतं पांढरं बर्फाचं आणि कोणतं माझं, ते कळेना.

"सरजी, मुँह से नहीं, नाक से साँस लो," गाइड म्हणाला.

तेरा हजार फुटांवर नाकाने श्वास घेऊन चढणारा माणूस एकतर गाइड असतो किंवा थांबलेला असतो. मी दुसरा पर्याय निवडला.

खिंडीत, १३,८०० फुटांवर, सगळ्यांनी मोबाइल काढले. नाशिकच्या एका डॉक्टरांनी माशाच्या कार्डावर विश्वास ठेवलेला होता. त्यांनी फोटोसाठी मोबाइल आडवा धरला, पडदा काळाठिक्कर. उभा धरला, ठीक. पुन्हा आडवा, काळा. पोलराइज्ड काचेतून अनेक पडदे एका बाजूने काळे दिसतात, एवढंच झालं होतं. पण त्यांनी निदान केलं की थंडीने बॅटरी बसली. मोबाइल जॅकेटच्या आत छातीशी धरून, चोळून, फुंकर मारून त्यांनी बराच वेळ उपचार केले. कुणीतरी त्यांचा गॉगल वर सरकवला तेव्हा पेशंट ठणठणीत निघाला.

पलीकडे उतरताना बसून घसरायचं असतं. दादरच्या एका काकांना हे आधी ठाऊक नव्हतं. त्यांनी महागाचा गॉगल सुरक्षित राहावा म्हणून पँटच्या मागच्या खिशात ठेवला होता. पुढचं लिहीत नाही.

घरी आल्यावर खिंडीतला सामूहिक फोटो आईला दाखवला. पन्नासेक माणसं, सगळ्यांना टोप्या, सगळ्यांना गॉगल. आईने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं आणि एका बोटाने एक माणूस निवडला. "हा बघ. किती रुबाबदार दिसतोयस!" ते साडूभाऊ होते. बायकोने मला डोळ्यांनी गप्प बसवलं. तो फोटो आता हॉलमध्ये लावला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आई साडूभाऊंवर बोट ठेवून माझं कौतुक सांगते.

गॉगलने काम चोख केलं, याची पावती चेहऱ्यावर होती. डोळ्यांभोवती गोरा चौकोन, बाकी सगळं रापून काळं. बर्फावरून येणारी किरणं हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतसुद्धा भाजतात, त्यामुळे शिंकताना वेगळं गिर्यारोहण करावं लागे. सोमवारी बँकेत पाऊल ठेवलं. मॅनेजरसाहेबांनी केबिनमधून एकदा पाहिलं, मग उठून बाहेर येऊन पाहिलं.

"काय हो, कुठे तोंड काळं करून आलात?"

मी उत्साहाने सुरुवात केली. दर हजार मीटरला दहा टक्के, ताजा बर्फ ऐंशी टक्के, श्रेणी तीन, झापडं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, बरं," ते म्हणाले. "आठवडाभर मागे रेकॉर्ड रूममध्ये बसा. केवायसीच्या फोटोशी चेहरा जुळत नसलेल्या माणसाला मी काउंटरवर बसवू शकत नाही."